क्रूस गळ्यात घालावा की मनगटावर गोंदवून घ्यावा?

ख्रिस्ती घरातल्या तरुणाने क्रूस गोंदवून घेण्याचा विचार बोलून दाखवला, की चर्चा बहुधा बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातील २८व्या वचनापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. मृतांसाठी अंगावर जखमा करू नयेत व अंग गोंदवून घेऊ नये, अशी ती आज्ञा आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. मात्र दाढीच्या कडा कापू नयेत, दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र घालू नये, या आज्ञाही त्याच अध्यायात आहेत आणि त्या आपण आज पाळत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेतील सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर जी मोजकी बंधने घातली, त्यांतही गोंदणाचा उल्लेख नाही. तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या आहेत असे धरून, मी आधी वर्षानुवर्षे गळ्यात आणि आता मनगटावर बाळगलेल्या क्रुसाविषयी लिहितो.

गळ्यातल्या क्रुसाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तो पुढच्या पिढीला देता येतो. आजीचा क्रूस नातीच्या फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याच्या विधीला, तिच्या गळ्यात येतो, तेव्हा त्याबरोबर घरातल्या प्रार्थनांची आठवणही येते. गोंदणाला हे कधीच जमणार नाही. शिवाय साखळीमुळे कोणाचे मन दुखावत नाही. आपल्याकडे गोंदण हा गावच्या जुन्या रीतिरिवाजांचा भाग होता, आणि मेल्यावर सोबत फक्त गोंदणच येते, अशी समजूतही घरोघर होती. ज्या घराण्यांनी बाप्तिस्मा घेताना ते सारे मागे ठेवले, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नातवाच्या हातावर पुन्हा शाई दिसली तर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. दुर्बळ भावाला आपल्यामुळे अडखळण होऊ नये, हे पौलाने करिंथकरांस सांगितले आहे, आणि मंडळीत राहायचे असेल तर ते मनावर घ्यावेच लागते.

गोंदणाची बाजू घ्यायची तर इतिहासात बरेच मागे जावे लागते. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवतात, पुष्कळदा अगदी बालपणीच. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या समाजाला ती आपली ओळख वाटते. ऑटोमन अमलाखालच्या बोस्नियात कॅथलिक स्त्रिया हातांवर क्रूस गोंदवून घेत. यरुशलेमेच्या जुन्या शहरात रझूक कुटुंब आजही यात्रेकरूंना गोंदून देते आणि नक्षी उमटवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले लाकडी ठसे त्यांच्याकडे आहेत. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड यानेही राजपुत्र असताना १८६२ मध्ये यरुशलेमेत क्रूस गोंदवून घेतला होता. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इ.स. ७८७ मधला इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रियातील धर्मसभेचा निवाडा. मूर्तिपूजकांच्या अंधश्रद्धेपोटी अंग रंगवण्याचा तिथे निषेध झाला, परंतु देवासाठी कोणी ही वेदना सोसली तर ते स्तुत्य मानले गेले. हेतू कोणता, हे आधी तपासण्याची ती पद्धत आजही उपयोगी पडते.

माझा निर्णय मात्र इतिहासाने झाला नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. आत शिरताना घड्याळ, अंगठी, साखळी सारे उतरवावे लागते, आणि तो नियम योग्यच आहे. मानेमागे चाचपडत साखळीची कडी सोडवायची, क्रूस रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवायचा, ड्यूटी संपल्यावर गुंता सोडवत पुन्हा घालायचा, आणि तेवढ्यात तातडीची केस आली की परत उतरवायचा. क्रूस माझ्या अंगावर असण्यापेक्षा लॉकरमध्येच जास्त राहू लागला. रुग्णाचा रक्तदाब उतरत असताना, म्हणजे प्रार्थनेची सर्वाधिक गरज असताना, तो नेमका लोखंडी दाराआड असे, आणि याचा मला मनापासून त्रास होई. आता निर्जंतुकीकरणासाठी हात धुताना बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत घासत जातो, तेव्हा वाटेत मनगट येते, क्रुसावरून फेस ओघळतो आणि तेवढ्यात आतल्या रुग्णासाठी दोन वाक्ये प्रभूसमोर मांडून होतात. ज्यांच्या कामात साखळी उतरवावी लागत नाही, त्यांना हे कारण कदाचित तितकेसे पटणार नाही. माझ्यापुरते ते पुरेसे ठरले.

नजर लागू नये किंवा संकट टळावे म्हणून क्रूस हवा असेल, तर साखळीही नको आणि शाईही नको, कारण मग तो ताईत होतो. तारणाच्या दृष्टीने दोन्हींचे मोल सारखेच, म्हणजे शून्य आहे. बाप्तिस्म्याने आत्म्यावर जी कायमची मुद्रा उमटते, अशी कॅथलिक शिकवण आहे, तिच्यात सुई काही भर घालत नाही. तरीही जो विश्वास नेहमी सोबत असावा असे वाटते, त्याची खूणही सहज न उतरणारी असावी, याकडे माझा कल आहे.

गोंदवून घ्यायचेच ठरले, तर जत्रेतल्या मशिनवर बसू नये. एकच सुई अनेकांना वापरली गेली तर हिपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका असतो. चेहरा टाळावा, देवाच्या सौंदर्याचे प्रतिरूप असलेला चेहरा विद्रूप होऊ नये म्हणून सम्राट कॉन्स्टंटाइनने शिक्षा झालेल्यांच्याही चेहऱ्यावर गोंदण्यास बंदी घातली होती. मनगटाच्या घडीवर शाई लवकर विरते, म्हणून दोन बोटे अलीकडे, कोपराच्या दिशेने जागा घ्यावी. आकृती साधी, समान भुजांची असावी, कारण बारीक नक्षी काही वर्षांत पसरते. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी कातडी पूर्ण भरेपर्यंत रजा काढावी, आणि नेमाने रक्तदान करणाऱ्यांनी पुढे वर्षभर ते करता येणार नाही हे लक्षात घेऊन, आधी रक्तदान करून मगच सुईखाली हात द्यावा.