पैठणी की इरकल?

दोन्ही हातमागावरच्या साड्या, पण विणकराची खरी परीक्षा दोन वेगवेगळ्या जागी होते.

पैठणी पूर्ण रेशमी. पैठण आणि येवल्याचे विणकर पदरावरचा मोर किंवा मुनिया (पोपटाची नक्षी) विणताना धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकत नाहीत. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. त्या रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, नक्षीपुरताच पुढे जातो, शेजारच्या रंगात गुंततो आणि मागे फिरतो. म्हणून पदराच्या मागच्या बाजूला लोंबते धागे दिसत नाहीत, नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. विकत घेताना आधी पदर उलटून पाहा, असं मी आवर्जून सांगते. एका भरगच्च पदराला महिने लागतात, आणि त्या महिन्यांचे पैसे विणकराला मिळायलाच हवेत.

इरकल कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. पारंपरिक इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, बहुधा लाल-पांढरा. अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळे. ते एकमेकांत फासे अडकवून जोडतात. हा जोड प्रत्येक साडीला नव्याने करावा लागतो. किती नाजूक काम! तरी त्याचं कौतुक फारसं होत नाही.

लग्नात पैठणी शोभते, वादच नाही. पण रोजच्या नेसण्यासाठी, उन्हाळ्यात तर नक्कीच, मी सुती इरकलच निवडेन. घाम टिपते, आणि नेसून नेसून मऊ होत जाते.