हायड्रॉलिकचा बेड: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आषाढातल्या एका रात्री, मुक्कामाला आलेल्या नणंदेसाठी जादा पांघरूण काढावे म्हणून मी बेडची फळी नेहमीप्रमाणे पट्टा धरून उचलली. ती अर्ध्यावर येऊन थांबली, एका बाजूला तिरकी झाली आणि माझा डावा हात आत असतानाच खाली बसली. मधल्या बोटाचे नख काळेनिळे पडले आणि महिन्याभराने गळून गेले. माझ्या जागी आमचा नऊ वर्षांचा मुलगा असता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देत नव्हता.

गादीसकट फळी वर उचलली जाणारा सहा बाय साडेसहाचा बेड कसा असतो हे बहुतेकांनी पाहिलेले आहे, म्हणून मापे आणि रंग यांविषयी मी लिहीत नाही. ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात चार माणसे राहतात. घरातला पसारा नजरेआड व्हावा आणि शाळेतून थकून आल्यावर माझे मन जरा थाऱ्यावर यावे, एवढ्यासाठी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये २८ हजार रुपये मोजून आम्ही तो घेतला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या दोन ट्रंका, रजया, मुलाची जुनी खेळणी, रुखवताचे सामान, न वापरलेला मिक्सर आणि आहेरात आलेल्या साड्या असे सगळे त्याच्या पोटात गेले. खोलीत पाऊल टाकताच मोकळे वाटू लागले. माझी चिडचिड कमी झाल्याचे यजमानांनीही बोलून दाखवले. त्या दिवसांत लिहिले असते तर मी या बेडला पाचपैकी पाच तारे दिले असते.

आता पंपाविषयी, म्हणजे फळी वर उचलून धरणाऱ्या नळीविषयी लिहिते, कारण या बेडचा जीव त्यातच आहे आणि दुकानात त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. सगळे याला हायड्रॉलिक म्हणत असले तरी आत दाबाखाली भरलेला नायट्रोजन वायू असतो आणि सील, म्हणजे वायू अडवणारी कडी, ओले राहावे एवढेच थोडे तेल असते. नळीच्या अंगावर ८०० एन, १००० एन असे आकडे छापलेले असतात. ते न्यूटनचे माप असून दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एका किलोचा भार. मात्र पंप बिजागरीच्या जवळ बसवलेला असल्यामुळे दोन पंपांच्या आकड्यांची बेरीज करून तेवढे वजन पलंगाच्या टोकाशी उचलले जाईल असे समजू नये. सील झिजले की वायू निसटतो, नळीतून आतबाहेर होणाऱ्या दांडीवर तेलाचा ओशट थर येतो आणि जोर हळूहळू कमी होतो. हा पंप सहसा पुन्हा भरून मिळत नाही, तो बदलावाच लागतो, आणि एकच खराब झालेला असला तरी जोडीने बदलावा लागतो, नाहीतर फळी एका बाजूला ओढली जाऊन सांगाडा पिळतो. आमच्या उजव्या पंपाखाली ठेवलेल्या गोधडीवर रुपयाएवढा काळपट डाग मला होळीच्या सुमारास दिसला होता. तो कसला असावा हे मी पाहिले नाही, गोधडी फक्त उलटी करून ठेवली. तेव्हाच दांडीवरून बोट फिरवले असते तर बोटाला तेल लागले असते आणि पुढचे सगळे टळले असते.

दुरुस्तीसाठी दुकानाला फोन केला तेव्हा वॉरंटी लाकडी सांगाड्याला आहे, पंप हा झिजणारा भाग असल्याने तो त्यात येत नाही, असे उत्तर मिळाले. बिलाच्या मागे मात्र सर्व जोडसामानाला एक वर्ष असे स्वच्छ छापलेले होते आणि वर्ष पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते. पाच फोन झाले, दोन वेळा माणूस येतो म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन्ही वेळा कोणी आले नाही. अखेरीस राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तेवढ्याने भागले नसते तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून ठेवते. तक्रार नोंदवल्यावर मात्र दुकानाची भाषा बदलली आणि बेड बंद पडल्यापासून सव्विसाव्या दिवशी कारागीर दारात उभा राहिला.

त्या सव्वीस दिवसांनी या बेडविषयीचे माझे मत बदलले. फळी उचलायला दोन माणसे लागत आणि उचलली तरी धरून ठेवणारा हवा, म्हणून आम्ही तो उघडलाच नाही. या काळात आतल्या किती वस्तूंची आठवण झाली? मुलाच्या रेनकोटची आणि सासूबाईंच्या गरम पाण्याच्या पिशवीची. बाकी एवढ्या सामानातले काहीही कोणी मागितले नाही. लॉस एंजेलिसमधल्या तीस नोकरदार जोडप्यांना आपले घर फिरून दाखवत त्याविषयी बोलायला सांगितले होते, त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रिया घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांच्या शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातले कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात जसे उतरायला हवे तसे उतरत नव्हते. हे मी पूर्वी वाचले होते. एका दुपारी घरात एकटी असताना मीही मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करून खोल्यांमधून बोलत फिरले. स्वयंपाकघर, देव्हारा, मुलाचे टेबल यांविषयी पुष्कळ बोलले. बेडपाशी आल्यावर आत काय काय आहे ते मला आठवेना, आणि रेकॉर्डिंग ऐकताना तिथेच माझा आवाज चिडका झालेला मला ऐकू आला. पसारा नजरेआड गेला होता, डोक्यातून गेला नव्हता.

पंप बदलून फळी वर गेली तेव्हा कुबट वासाचा लोट आला. भिंतीकडच्या कोपऱ्यातली तळाची पातळ फळी ओल धरून फुगली होती आणि रजईच्या कडेवर पांढरी बुरशी होती. तळाशी हवेसाठी एकही छिद्र नाही आणि फळी साध्या भुशाच्या बोर्डाची आहे, हे आम्ही घेताना पाहिले नव्हते. पण मला जिव्हारी लागली ती पैठणी. सासूबाईंच्या लग्नातली, बांगडी मोराच्या पदराची पैठणी कपाटात असताना दर दसऱ्याला आणि पाडव्याला बाहेर निघे, सावलीत वारा खाई आणि नव्या घडीने आत जाई. बेडमध्ये ती डोक्याकडच्या कोपऱ्यात, दोन रजयांच्या खाली होती. पाडव्याला मी पुढच्या रविवारी काढू म्हटले आणि तो रविवार आला नाही. नऊ महिने एकाच घडीवर वजनाखाली राहून पदरावर बोटभर लांबीची चीर गेली होती, आणि जिथे डांबरगोळी टेकली होती तिथली जर काळवंडली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि मला चहा टाकायला सांगितले.

त्यानंतरचे तीन रविवार आम्ही तो बेड रिकामा करण्यात घालवले. सहा साड्या आणि चार पँट्स बोहारणीला देऊन एक पातेले घेतले. चांगल्या स्थितीतले कपडे १९९९ पासून हे काम करणाऱ्या गूंज संस्थेकडे दिले, मिक्सर ई-कचऱ्यात गेला. जुन्या सुती लुगड्यांची सासूबाई आता गोधडी शिवत आहेत. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतात ती उगीच नाही, अडगळीत अलक्ष्मी राहते असे त्या नेहमी म्हणायच्या. त्यामागचा अर्थ मला या तीन रविवारांत कळला. रुखवताच्या सामानापाशी मात्र मी अडले, ते अजून आहे.

आता बेडविषयी पुन्हा. कारागिराने स्वतःच सांगितले की मार्चमध्ये पाठदुखीसाठी आम्ही फोमच्या जागी काथ्याची जड गादी आणली, तिला ८०० चे पंप पुरेसे नाहीत. तेव्हा ३५० रुपयांचा फरक भरून १००० चे बसवून घेतले. मी बोट चेपल्याचा राग दुकानावर काढत होते, त्यात गादी बदलल्याचा दोष आमचाही होता, हे कबूल केले पाहिजे. पंप झिरपणे आणि वॉरंटी नाकारणे याला मात्र दुकानच जबाबदार आहे. जो कोणी असा बेड घेणार असेल त्याने आपली गादी कोणती हे आधी ठरवावे, पंपावरचा आकडा बिलावर लिहून घ्यावा, तळ प्लायवूडचा आणि छिद्रे पाडलेला मागावा, आणि दर महिन्याला दांडीवरून कोरडे फडके फिरवून तेल लागते का ते पाहावे. फडके ओशट झाले तर त्याच दिवशी लहान मुलांना बेडपासून दूर ठेवावे.

सध्या मी याला तीन तारे देते. आत आता फक्त पाहुण्यांची दोन अंथरुणे, रजया आणि रुखवताचे खोके आहे. तळाला सुताराकडून बारा छिद्रे पाडून घेतली आहेत आणि पावसाळा सरल्यापासून वास गेला आहे. फळी एका हाताने वर जाते.

पैठणी दसऱ्याला बाहेर काढून दिवसभर सावलीत ठेवली. चिरेच्या मागून सासूबाईंनी त्याच रंगाच्या रेशमी कापडाचा तुकडा लावला आहे, आणि मलमलीत गुंडाळून ती पुन्हा कपाटाच्या वरच्या खणात, त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली आहे.