टीव्हीची बॅकलाइट, खोटी ‘कंपनी सर्व्हिस’ आणि माझे 9,550 रुपये

आवाज व्यवस्थित, रिमोट चालतोय, पण स्क्रीन काळीकुट्ट. तुमच्या टीव्हीचं असं झालं तर कोणालाही फोन लावायच्या आधी हे वाचा.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. टीव्ही 43 इंची, वॉरंटी कधीच संपलेली. सासूबाईंचा दिवस त्या टीव्हीवरच जातो, त्यामुळे घाई होती. कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. "हो मॅडम, कंपनीचंच आहे," असं स्पष्ट सांगितलं. आलेल्या माणसाच्या गळ्यात कार्ड, टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह. व्हिजिटचे 350 रुपये आधी घेतले.

त्याने खोलीतला दिवा बंद करायला लावला आणि मोबाईलचा टॉर्च काचेला टेकवून तिरका धरला. त्या उजेडात मला मालिकेतल्या बाईचा चेहरा दिसला. अंधुक, पण हलणारा. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "अगं, चित्र आहे की!" त्याने झटकन टॉर्च बंद केला आणि म्हणाला, "काकू, पॅनलच गेलंय."

हा क्षण डोक्यातून जात नाही. टॉर्चमध्ये चित्र दिसतंय म्हणजे पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारी पुढची काच, शाबूत आहे, गेलीय ती फक्त मागची लाइट. त्याने माझ्या डोळ्यांसमोर खरा दोष शोधला आणि तोंडावर खोटं बोलला. मला हे कुठून माहीत असणार? टीव्ही उघडून बघणं हे काही माझं काम नाही. कंपनीचा माणूस म्हणून घरात घेतलं, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. कोणीही ठेवला असता.

नव्या पॅनलचे 18,500 सांगितले. मी नाही म्हटल्यावर "जुनंच रिपेअर करतो, 9,200 होतील." 4,000 अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले. पैसे पाठवताना नाव कंपनीचं नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर "आमच्या अकाउंटवाल्याचं आहे." असं उत्तर मिळालं की तिथेच व्यवहार थांबवा. जॉब शीट, म्हणजे टीव्ही दुरुस्तीला नेल्याची लेखी पावती, घेतल्याशिवाय टीव्ही घराबाहेर जाऊ देऊ नका. तो टीव्ही घेऊन गेला आणि परत आणला तेव्हा उरलेले 5,200 घेतले. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

थोडे दिवस चालला, मधोमध एक पांढरा ठिपका घेऊन. मग पुन्हा अंधार आणि त्यांचा फोन बंद.

शेवटी तपकीर गल्लीतल्या एका मेकॅनिकला दाखवला. त्याने माझ्यासमोर उघडला. पॅनल जुनंच होतं. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एका रांगेत जोडलेल्या. एक एलईडी गेला की सगळी रांग बंद. त्या महाभागाने जळालेल्या एलईडीच्या जागी वायरचा तुकडा डकवला होता. शेजारच्या एलईडीवरचं भिंग निसटून खाली पडलं होतं, ठिपका त्याचाच. पट्ट्यांचा पूर्ण सेट 950, मजुरी 800. एवढंच काम होतं! एकच एलईडी बदलू नका, सेट बदला, आणि नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट कमी ठेवा, पट्ट्या जास्त टिकतात.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत मलाच विचारलं, "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग गुन्हा कसला? सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "टीव्ही दुरुस्तीचा वाद आहे, चौकीत जा." पुन्हा चौकी. लेखी अर्ज दिला तर पोहोच द्यायला तयार नाहीत. "साहेब आल्यावर बघू." खऱ्या कंपनीचं कस्टमर केअर म्हणतं, आमच्याकडे तुमची नोंदच नाही. अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे! तुमचं चिन्ह छातीवर लावून माणसं घरोघरी फिरतायत आणि तुम्हाला काही पडलेली नाही? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याला 319 आहे. ती कलमं काय लाखांच्या वरच्या लोकांसाठीच आहेत? 9,550 रुपये आमच्या घरात महिन्याचा किराणा आहे.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, ग्राहक तक्रारीसाठी 1915 ला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझा अर्ज तयार आहे, फक्त समोरच्याचा पत्ता लिहायचा अडलाय. सिंहगड रोड, धायरी, वडगाव भागात कोणाकडे असाच गळ्यात कार्ड घातलेला माणूस येऊन गेला असेल, तर बिल आणि यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. एकत्र अर्ज करू.