धाक की कायदा? हिंसक व्हिडिओ गेम आणि अमेरिकेतले दोन प्रयत्न

डिसेंबर 1993. 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये एक योद्धा हरलेल्याचं मुंडकं मणक्यासकट उपटतो, आणि हा खेळ मुलांच्या हातात आहे म्हणून सिनेटर जो लीबरमन आणि हर्ब कोल यांनी थेट सिनेटमध्ये सुनावणी लावली. कंपन्यांना सांगितलं: स्वतः वयोगट ठरवा, नाहीतर आम्ही कायदा आणतो. मात्रा लागू पडली. 1994 मध्ये उद्योगानेच ईएसआरबी हे गेमचा वयोगट ठरवणारं मंडळ उभं केलं. खोक्यावरची त्याची वयोगट सांगणारी अक्षरं आजही पालकांच्या कामी येतात.

कॅलिफोर्नियाने 2005 मध्ये दुसरी वाट धरली. तिथले आमदार लेलँड यी यांचं विधेयक, गव्हर्नर श्वार्झनेगर यांची सही. अठराखालच्यांना हिंसक गेम विकला तर 1000 डॉलरपर्यंत दंड, खोक्यावर दोन इंची '18'चा शिक्का. पण कायदा कोर्टातच अडकला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो रद्द केला. मुलांच्या गोष्टींत हिंसा पूर्वीपासून आहेच, असं सांगत न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमच्या परीकथांमधल्या क्रौर्याकडे बोट दाखवलं. मला तो युक्तिवाद पटतो.

मला पहिलाच मार्ग उजवा वाटतो. त्यात दुकानदारावर कायद्याची सक्ती नव्हती, ही उणीव खरीच. पण पालकाच्या हाती काहीतरी पडलं.