रेसिंग क्लच म्हणून माथी मारलेली जुनी प्लेट

छत्रपती संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या जुन्या होंडा सिटीला ४२ हजारांत 'इम्पोर्टेड रेसिंग क्लच' बसवून दिला. सिरॅमिकची प्लेट, तिला दाबून धरणारी जास्त ताकदीची प्रेशर प्लेट, आणि ती ज्यावर दाबली जाते ते इंजिनाचं चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर मारून सपाट केलेलं, सगळं धरून. सामान दाखवा म्हटलं तर, "गिअरबॉक्स चढवलाय, परत उतरवू का?" जुनी प्लेट म्हणे भंगारात गेली. बिलाचं नाव काढलं की हसायचा. तिथंच ओळखायला पाहिजे होतं, पण ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत, चार दिवसांवर आली होती, आणि हौसेला डोळे नसतात.

निघताना फुकट शिकवणीही दिली. "थेट रेसलाच न्या. बर्नआउट हाफ क्लचवर धरा, टायर मस्त तापतात."

खरी मेख या शिकवणीत होती. बर्नआउट म्हणजे गाडी जागेवर धरून टायर फिरवत तापवणं. सिटी पुढच्या चाकांवर ओढते. तिला बर्नआउट द्यायचा तर पुढचे टायर ओले करायचे, हँडब्रेक ओढायचा, दुसरा गिअर टाकायचा, रेस चढवायची आणि क्लचवरचा पाय एकदम काढायचा. घसरायला पाहिजे टायर. हाफ क्लचवर धरलं की टायर राहतो बाजूला आणि प्लेटच भाजते. त्यात प्लेटवरची नवी लाइनिंग, म्हणजे घासली जाणारी अस्तरपट्टी, आधी काही शे किलोमीटर साधी चालवून बसवावी लागते. मला हे सगळं नंतर कळलं. धूर निघाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण वास टायरचा नव्हता. हिरवा दिवा लागला तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांवर आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं.

फोन केला तर उत्तर तयारच होतं, "तुम्हीच जाळला की बर्नआउटमध्ये! त्याची कसली गॅरंटी?"

जालन्यात आमचा ट्रॅक्टर बघणाऱ्या चाचांनी गिअरबॉक्स उतरवला. "लेकरा, ही गाडीतली जुनीच प्लेट. लाइनिंग तेवढी नवी मारलीय." मधल्या स्प्रिंगा खुळखुळत होत्या, आतले दाते झिजलेले. प्रेशर प्लेटचा लाल रंग खरवडला तर खाली गंज. फ्लायव्हीलच्या कडेला झिजेचा जुना काठ नखाला लागत होता. लेथवर मारलं असतं तर तो राहिलाच नसता, आणि एका बर्नआउटनं तो तयारही होत नाही.

आता सामान मी स्वतः आणतो, खोकं माझ्यासमोर फोडायला लावतो, गिअरबॉक्स चढवण्याआधी प्लेटचे आणि फ्लायव्हीलचे फोटो काढतो. जुनं सामान डिकीत.

ती जळकी प्लेट घेऊन त्याच्या दारात गेलो होतो. हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही आमच्याकडची नाहीच, साहेब."