दोन टीव्ही एक छत्री, स्प्लिटर घ्यायचा का ट्विन एलएनबी

आमचं घर जुळे सोलापुरात, खाली आई-अण्णा, वर आम्ही आणि छत्री गच्चीवर एकच. खाली मालिका पाहिजे, वर पोरांना मॅच, म्हणून दुसरा बॉक्स घेतला आणि सिग्नल वाटायचं सामान बघायला नवी पेठेत गेलो. पहिल्या दुकानात काही न विचारता केबलवाल्यांचा स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल दोन केबलांत वाटणारा) पुढं केला, त्याच्यावर 5-1000 मेगाहर्ट्झ लिहिलेलं. छत्रीचा सिग्नल एलएनबीतून (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला सिग्नल घेणारा डबा) खाली येतो तो 950 ते 2150 मेगाहर्ट्झ, मग तो यातून जाणार कसा? तिथूनच परत.

दुसऱ्या दुकानातले काका मात्र लई भारी. बॉक्स किती, दोन्हीवर एकदम वेगवेगळं बघणार का, केबल किती लागंल, सगळं आधी विचारलं. 5-2400 वाला पॉवर पासचा (बॉक्सचं व्होल्टेज एलएनबीपर्यंत जाऊ देणारा) स्प्लिटर दाखवला आणि स्वतःच म्हणाले, हा घेऊ नका साहेब. कारण पटलं. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला व्होल्टेज पाठवतो, 13 व्होल्ट म्हणजे उभी पोलॅरिटी (लहरींची दिशा), 18 म्हणजे आडवी, आणि वरचा बँड (फ्रिक्वेन्सीचा वरचा पट्टा) पाहिजे असेल तर सोबत 22 किलोहर्ट्झचा टोन. आता एलएनबी एक आणि मागं बॉक्स दोन, एक 13 मागतोय एक 18, तर चालणार 18 वाल्याचंच, दुसऱ्याकडं निम्मे चॅनेल गायब आणि घरात भांडण. तुमचे सगळे चॅनेल एकाच पोलॅरिटीत, एकाच बँडात असले तर स्प्लिटर चालून जातो, पण तिथं पण सिग्नल अर्धा अर्धा होतो, वर थोडा वाया जातो तो वेगळा, पावसात लगेच कळतं. बॉक्सच्या ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरून चॅनेल पाठवणारे संच) लिस्टमध्ये फ्रिक्वेन्सीपुढं व्ही (उभी) नाहीतर एच (आडवी) असतं, ते बघून जावा. आमच्यात दोन्ही होते.

म्हणून ट्विन एलएनबी घेतला. दोन तोंडं, प्रत्येक बॉक्सचं आपापलं, कोणी काय लावलंय याचा दुसऱ्याला पत्ताच नाही. त्रास एकच, गच्चीवरून दुसरी केबल ओढावी लागते, आणि छत्रीची दिशा थोडी परत जुळवावी लागते. टीव्ही चार असतील तर क्वाड मिळतो, अपार्टमेंट असेल तर क्वाट्रो एलएनबी आणि मल्टिस्विच (त्याचा सिग्नल बऱ्याच बॉक्सना वाटणारी पेटी), तो खर्च वेगळाच. आणि पैसेवाली डीटीएच असेल तर दुसऱ्या बॉक्सचा रिचार्ज वेगळा, ते कुठल्याच स्प्लिटरनं वाचत नाही.

केबल आरजी6 घेतली. काकांनी मधल्या तारेला लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटली म्हणजे आत स्टील, वर नुसता तांब्याचा मुलामा. सिग्नलला फार फरक पडत नाही म्हणे, पण लांब ओढायची असेल तर व्होल्टेज पडतं, म्हणून भरीव तांब्याचीच घेतली. थोडी महाग पडली. कनेक्टर लावताना जाळीची एक तार जरी मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट, बॉक्सवर मेसेज येतो, हे पण त्यांनीच सांगितलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कमी कारण कनेक्टरवर चढवायचे रबरी बूट त्यांच्याकडं नव्हते, ते पावसाळ्याआधी दुसरीकडं शोधायला लागणार.