विकास शुल्काचा रकाना: शुल्क नियामक प्राधिकरणाची यादी वर्षभर वापरल्यानंतर

दाजींच्या खात्यात कॉलेजकडून परतावा जमा झाला, म्हणून आता हे पूर्ण करून सगळ्यांसमोर ठेवतो. मधल्या काळात छापलं असतं तर नुसता राग उतरला असता.

कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) राउंड, फ्रीझ, बेटरमेंट, ई-स्क्रुटिनी यांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी पडत नाही. भाचीला इंजिनिअरिंगला कॅपमधून खाजगी विनाअनुदानित कॉलेज मिळालं. ओबीसी, नॉन क्रीमी लेयर, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या बरंच आत. एवढी माहिती पुरे. मला बोलायचंय ते खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवणाऱ्या राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या यादीबद्दल. त्या यादीतही खरं तर एकाच रकान्याबद्दल.

यादी बघायला अगदी साधी आहे. वर्ष निवडा, अभ्यासक्रम निवडा, कॉलेज शोधा. समोर तीन आकडे येतात: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, एकूण. बहुतेक पालक एकूण बघतात आणि पान बंद करतात. मुलगी असेल आणि सवलतीत बसत असेल, तर एकूणचा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचा आकडा मधला.

कारण ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आधी ५० टक्के सवलत होती, ती या निर्णयाने १०० टक्के झाली. पण कशाच्या १०० टक्के? शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या. विकास शुल्क त्यात नाही. 'मुलींना शिक्षण मोफत' ही बातमी ऐकून गावातून निघालेली माणसं काउंटरवर पोचतात, तेव्हा विकास शुल्क नावाची गोष्ट त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडते. ती किती, हे तेव्हा समोरचा क्लार्क सांगेल तेवढी.

आमच्या बाबतीत क्लार्कने चिठ्ठीवर लिहिलं: 'शिक्षण शुल्क माफ. विकास व इतर शुल्क ₹३१,५००.' ताई आणि दाजी दोघंच गेले होते. प्रवेश निश्चित करायची मुदत संपत आलेली. मुदतीत रिपोर्टिंग झालं नाही तर मिळालेली जागा जाते, हे प्रत्येक कॉलेजला माहीत असतं आणि प्रत्येक पालकालाही. दाजींनी सोयाबीनच्या पैशातून रक्कम भरली. रात्री ताईचा फोन आला, तिचा सूर समाधानाचाच होता: "लाख-सव्वा लाखाचं काम एकतीस हजारात झालं बघ." मी पावती व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आणि त्या 'व इतर' या दोन शब्दांवर अडकलो.

यादी उघडली. त्या कॉलेजचं, त्या वर्षाचं मान्य विकास शुल्क ₹९,२००.

सरकारी संकेतस्थळावर आपल्या कामाची एवढी नेमकी, एवढी उघड गोष्ट मिळेल असं मला वाटलं नव्हतं. लॉगिन नाही, ओटीपी नाही, नोंदणी नाही. जो आकडा कॉलेजने लपवला, तो राज्याने जगासमोर मांडून ठेवलाय. त्या रात्री माझ्या मनात या यादीला पैकीच्या पैकी गुण होते.

हा आकडा आला कुठून, हेही मग वाचून काढलं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. देणग्यांचा बाजार वाढला, म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा आला. पुढे खटले थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ च्या इस्लामिक अ‍ॅकॅडमी खटल्यात न्यायालयाने प्रत्येक राज्याला उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमायला सांगितल्या, एक प्रवेशासाठी आणि एक शुल्कासाठी. आपल्याकडे त्या प्रवेश नियंत्रण समिती आणि शिक्षण शुल्क समिती म्हणून ओळखल्या जायच्या. जुने पालक अजूनही 'समितीची फी' म्हणतात ते त्यामुळेच. २०१५ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि या समित्यांच्या जागी प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कॉलेजने आपला खर्च, लेखापरीक्षित हिशेब, शिक्षकांचे पगार मांडायचे, प्राधिकरणाने ते तपासून आकडा ठरवायचा. त्या कायद्यात मान्य शुल्कापेक्षा जास्त घेतलेल्या रकमेला नफेखोरी असा स्पष्ट शब्द आहे. म्हणजे यादीतला आकडा ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे. कॉलेजने त्याखाली घेतलं तर चालतं, वर नाही.

हे सगळं छापून, यादीच्या पानाची प्रिंट जोडून दाजींकडून प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. हा शिक्का घ्याच, त्याशिवाय अर्ज दिल्याचा काहीही पुरावा राहत नाही. खिडकीवरच्या मॅडमनी प्रिंट बघून विचारलं, "हे तुम्हाला कुणी दिलं?" दाजी म्हणाले, "शासनानं." मला या सबंध वर्षातलं आवडलेलं उत्तर हेच.

पण अर्ज टेबलावर पडून राहिला. सणासुदीच्या सुट्ट्या गेल्या, सत्र परीक्षा आली. दर वेळी उत्तर एकच: "मॅनेजमेंटकडे पाठवलंय."

डिसेंबरनंतरची भर

इथपर्यंतचा मजकूर मी डिसेंबरमध्ये लिहून ठेवला होता. जानेवारीत भाचीच्या वर्गाला नवी नोटीस लागली: 'कौशल्य विकास व प्लेसमेंट प्रशिक्षण, ऐच्छिक, ₹८,०००.' ऐच्छिक लिहिलेलं होतं, पण न भरणाऱ्या मुलांची नावं वर्गात वाचून दाखवली जात होती. भाचीने फोनवर विचारलं, "मामा, यादीत हे आहे का?"

यादीत हे नाही. यादी तीन आकडे दाखवते, त्या आकड्यांच्या आत काय काय येतं ते दाखवत नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, इंटरनेट हे त्यात धरलेलं आहे की वेगळं? विद्यापीठाला भरायची रक्कम वेगळी असते, वसतिगृह, मेस, बस वेगळी असते, अनामत परत मिळायची असते. मग 'प्रशिक्षण' कुठे बसतं? पालकाला हे एका ओळीत कळलं पाहिजे. कॉलेजला मान्य शुल्काच्या बाहेरून पैसे काढायचे असले की ते रक्कम वाढवत नाही, नवं नाव शोधतं. या नावांपुढे तीन आकड्यांची यादी गप्प राहते.

म्हणून माझं आधीचं मत मी बदललं. यादी उत्तम आहे, पण ती अर्धीच आहे. प्रत्येक कॉलेजच्या आकड्याखाली 'यात समाविष्ट' आणि 'याव्यतिरिक्त फक्त एवढंच घेता येईल' असे दोन परिच्छेद असते, तर ती नोटीस लावायचं धाडस झालं नसतं. भाचीने प्रशिक्षणाचे पैसे भरले नाहीत. वर्गातल्या तिच्या दोन मैत्रिणींनी भरले, कारण त्यांच्या घरी कुणी 'नको भरू' म्हणणारं नव्हतं. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

या निमित्ताने राज्याची यंत्रणा कशी वाटून दिलेली आहे तेही समजलं. एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद मान्यता देते, विद्यापीठ संलग्नता देतं. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष परीक्षा घेऊन कॅपमधून जागा वाटतो. झालेले प्रवेश नियमात आहेत का ते प्रवेश नियामक प्राधिकरण बघतं. फी शुल्क नियामक ठरवतं. सवलतीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, आणि प्रवर्गाप्रमाणे तो वेगवेगळ्या विभागांच्या योजनेत जातो: ओबीसीचा इतर मागास बहुजन कल्याणकडे, अनुसूचित जातीचा सामाजिक न्यायकडे. वर उच्च व तंत्रशिक्षण विभाग आणि तंत्रशिक्षण संचालनालय. बी.ए., बी.कॉम.वाल्यांचं वेगळं, त्यांच्यासाठी पुण्याचं उच्च शिक्षण संचालनालय आणि विभागीय सहसंचालकांची कार्यालयं.

यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे, आणि वेगळं ठेवण्यामागे कारणही आहे. जागा वाटणाऱ्याने फी ठरवू नये, हे मला पटतं. पण या सगळ्यांनी ठरवलेलं एकत्र येतं ते एकाच ठिकाणी, कॉलेजच्या खिडकीवर. तिथे यांच्यापैकी कुणीही हजर नसतं. तिथे असतो क्लार्क, आणि समोर मुदतीच्या धास्तीत उभा असलेला बाप. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नका अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिल्या, ते चांगलं केलं. ते शुल्क आमच्याकडून मागितलंही नाही. मागितलं ते शेजारच्या रकान्यातून.

कॉलेजची बाजूही ऐकली. अकाउंट्समधल्या एका वयस्कर काकांनी दाजींना बाजूला बसवून सांगितलं की शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे माफ केलेल्या फीची भरपाई, शासनाकडून उशिरा येते, तोवर शिक्षकांचे पगार थांबतात, मग व्यवस्थापन कुठून तरी रोख उभी करायला बघतं. यात तथ्य आहे. शासनाने सवलत जाहीर करायची आणि पैसे वेळेत द्यायचे नाहीत, तर तो भार कुणावर तरी पडणारच. पण तो अडीच एकरवाल्या शेतकऱ्यावर का पडावा? प्रतिपूर्तीचं भांडण संस्थाचालकांनी मंत्रालयाशी करावं.

फेब्रुवारीत आम्ही प्राधिकरणाकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला. चिठ्ठी, पावती, यादीची प्रिंट, आवक शिक्क्याची प्रत, सगळं जोडून. पाठवण्याआधी त्याची एक प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात दिली आणि सांगितलं की उत्तर आलं नाही तर हे मुंबईला जाईल. यानंतर हालचाल झाली. विद्यापीठाची रक्कम आणि अनामत मिळून ₹३,५०० चा तपशील लेखी मिळाला, ₹९,२०० ची वेगळी पावती मिळाली आणि ₹१८,८०० परत आले. तक्रार पाठवावी लागली नाही. प्राधिकरणातल्या कुणाशी आमचं बोलणंही झालं नाही. त्यांनी उघड ठेवलेल्या एका आकड्यावर आमचं काम झालं, हे मी त्यांचं मोठं यश मानतो.

आता पुढच्या वर्षीच्या पालकांसाठी थोडं. कॉलेजचा पर्याय भरण्याआधीच यादीतून विकास शुल्क बघा. दोन कॉलेजांचं एकूण शुल्क सारखं असलं तरी विकास शुल्कात फरक असू शकतो, आणि सवलतीतल्या मुलीच्या घरून तेवढेच पैसे जाणार असतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठंही या निर्णयातून वगळलेली आहेत. हे नीट लक्षात ठेवा, कारण बरीच नावाजलेली कॉलेजं आता खाजगी विद्यापीठ होतायत. नाव तेच, इमारत तीच, पण सवलत नाही. 'पूर्वी तिथे शेजारच्या पोरीला माफ झालं होतं' यावर विसंबू नका. पावती घेताना 'व इतर' असा शब्द दिसला तर तिथल्या तिथे तपशील मागा. सवलतीचा अर्ज दर वर्षी महाडीबीटीवर नूतनीकरण करावा लागतो, तेव्हा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

आणि राज्याकडे एकच मागणी. कॅपच्या अलॉटमेंट लेटरवर कॉलेजचं नाव, कोड, शाखा, जागेचा प्रकार सगळं छापलेलं असतं. विद्यार्थ्याचा प्रवर्ग आणि उत्पन्न अर्जात भरलेलं असतं. मान्य शुल्क शुल्क नियामकाकडे तयार असतं. मग त्याच पत्रावर 'मान्य शिक्षण शुल्क इतकं, विकास शुल्क इतकं, तुम्ही पात्र ठरल्यास प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम इतकी' या तीन ओळी छापा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं कार्यालय लागत नाही, फक्त दोन कार्यालयांनी एकमेकांची माहिती वापरायची आहे. ताईकडे स्मार्टफोन आहे, पण संकेतस्थळावर जाऊन वर्ष, अभ्यासक्रम, कॉलेज निवडणं तिला जमलं नसतं. ते पत्र मात्र ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून काउंटरपर्यंत घेऊन गेलीच होती.